खिशातली तार

४ जून

धाकटे,

आशीर्वाद लिहीत नाही. तू ते परत पाठवशील, आणि टपालाचे हेलपाटे मला आवडत नाहीत.

एकोणीस वर्षांनी लिहिते आहे ते कामासाठी. आईच्या शेवटच्या महिन्यात सकाळ तुझी होती, संध्याकाळ माझी, आणि मधला अर्धा तास शेजारीण बसायची, जिन्यात आपली गाठ पडू नये म्हणून. ही व्यवस्था आपण एकमेकींशी एक शब्द न बोलता केली. आपण सख्ख्या बहिणी आहोत यात कोणाला शंका नको.

तर काम. निवृत्त झाल्यापासून शनिवारी सकाळी मी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जाते. तिथे आम्ही पाचजण फंक्शनल प्रोग्रॅमिंगचा सराव करतो. त्यातला मुख्य नियम असा की एखाद्या नावाला एकदा किंमत दिली की ती बदलायची नाही. बदल हवा असेल तर नवी प्रत काढायची. तुला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. शिवणवर्गात तू मुलींना मूळ कागदी बेतावर कात्री लावू देत नाहीस. उतरवून घ्यायचं आणि नव्यावर कापायचं. मी नोकरीभर मूळ कागदच कातरत आले, त्यामुळे पहिले दोन महिने हात वळत नव्हता.

सुरुवातीला इंटरप्रिटर केला. बेरीज-वजाबाकीची ओळ वाचायची आणि तिथल्या तिथे उत्तर द्यायचं, एवढंच त्याला यायचं. मग त्याला नावं कळायला लागली, मग जर-तर कळायला लागलं. आता एम्युलेटर करते आहे. म्हणजे आता न मिळणारं जुनं यंत्र प्रोग्रॅममधून असं उभं करायचं, की त्याच्या जुन्या प्रोग्रॅमला आपण आपल्याच घरी आहोत असं वाटावं. बाकीच्यांनी जुन्या खेळांची यंत्रं निवडली. मी आमच्या कारखान्याच्या लिफ्टच्या कंट्रोलरमधली चिप निवडली.

इथे तू कागद खाली ठेवला असशील. उचल.

लिफ्टच्या प्रोग्रॅमची पहिली आवृत्ती माझ्याकडे अजून आहे. माझा एम्युलेटर पुरा झाला की तो प्रोग्रॅम त्यावर चालवता येईल. त्या दुपारी काय काय झालं, कोणत्या क्रमाने, हे मिस्त्री नेहमीप्रमाणे वहीत लिहीत होते. ते पान मला हवं आहे. त्याची नक्कल चालेल.

मला काही सिद्ध करायचं नाही. फक्त पाहायचं आहे.

त्यांच्या पायाची चौकशी करत नाही. तो हक्क मी गमावला असं तू मागेच सांगितलं आहेस.

ताई

२६ जून

धाकटे,

नक्कल मिळाली. पाकिटात तिच्याखेरीज एक चिटोरंही नव्हतं. ठीक आहे.

अक्षर ओळखीचं वाटलं. कारखान्यात सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे, मीसुद्धा. तू त्यांच्याशी लग्न केलंस त्यानंतरही मला दुसरं काही म्हणता आलं नाही. वही मात्र त्यांच्याइतकी नेटकी कोणाही इंजिनिअरची नव्हती. 'तीन दहा. तपासणी संपली. दाराची तार काढून खिशात ठेवली. केबिन दुसऱ्यावर, दार उघडं. उंबऱ्याची खाच साफ करतो.' पान तिथेच संपतं.

आपल्या दोघींचं म्हणणं एकदा सरळ मांडते, म्हणजे कोणी काही बदललं असं व्हायला नको. लिफ्टचं दार उघडं असताना केबिन हलवून पाहायची तर दाराच्या स्विचवर तात्पुरती तार टाकतात, म्हणजे कंट्रोलरला दार बंद आहे असं वाटतं. काम झालं की तार काढायची. मिस्त्री म्हणाले, काढली होती, आणि तार त्यांच्या खिशात सापडली. तरीही उघड्या दाराने केबिन वर गेली आणि त्यांचा डावा पाय उंबऱ्यात चिरडला. चौकशीत प्रोग्रॅमबद्दलचं मत मला द्यायचं होतं. मी लिहिलं, 'प्रोग्रॅम निर्दोष आहे. तार अपघातानंतर काढून खिशात ठेवली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' स्विच त्यांच्या हाताच्या अंतरावर होता. त्यांचं मेकॅनिकचं लायसन्स गेलं.

आता निकाल. वहीतला क्रम जसाच्या तसा दिला. दार उघडं, केबिन दुसऱ्यावर, आणि पुढचं चौकशीत आलं होतं तसं, वरून कोणी बटण दाबलं. एम्युलेटरवर हे मी एक लाख वेळा चालवलं, दर वेळी बटणाची वेळ किंचित पुढेमागे करून. एकदाही केबिन हलली नाही.

मला याचा आनंद झालेला नाही. पण जे आहे ते आहे. माणूस विसरतो. मिस्त्रीही विसरले असतील, आणि त्यात त्यांची अब्रू जाते असं मी तेव्हाही म्हटलं नव्हतं.

ताई

८ जुलै

धाकटे,

तुझं कार्ड आलं. 'ह्यांनी तार काढली होती. तुझं यंत्र तू बनवलंस, ते तुझ्यासारखंच बोलणार.' दोन वाक्यं आणि तीन ठिकाणी पेन कागदात रुतलेलं.

हे वाक्य रागाचं आहे आणि रागाला मी उत्तर देत नाही. तरी एक सांगते. मी एकटीच्या शब्दावर विसंबलेली नाही. गटाची पद्धत अशी की एकच यंत्र दोघांनी वेगवेगळं बनवायचं, एकमेकांचं न बघता. मग दोन्हींवर तोच प्रोग्रॅम चालवायचा आणि प्रत्येक सूचनेनंतर दोन्ही यंत्रांची अवस्था ताडून पाहायची. जुनी अवस्था पुसली जात नसल्यामुळे पहिला फरक नेमका कोणत्या पायरीवर पडला ते सापडतं.

माझी जोडीदारीण दंतवैद्य आहे. पन्नाशीची, बडबडी, सतत लवंग चघळणारी. तिचं आणि माझं एक्केचाळीस हजार पायऱ्यांपर्यंत तंतोतंत जुळलं. पुढे एका जागी फरक आला.

"तुमचं चुकलंय," मी म्हटलं.

"चुकलं असेल हो. कोणत्या पानाप्रमाणे?"

"पान कशाला हवं? या चिपवर मी नऊ वर्षं काम केलंय."

"अगं बाई. मला सगळं माहीत आहे म्हणणारे पेशंट रोज येतात माझ्याकडे. त्यांचे दात मी बरणीत ठेवते."

सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं.

चिपचं माहितीपुस्तक तिच्याकडे आहे. माझंच आहे. सुरुवातीला तिला देऊन टाकलं, कारण मला ते लागत नव्हतं.

फरक किरकोळ आहे. तिच्याकडून काहीतरी राहिलं असणार. पुढच्या आठवड्यात बघू.

ताई

११ जुलै

शनिवारपर्यंत थांबले नाही. आज दुपारी तिच्या दवाखान्यात गेले. बाहेरच्या बाकावर, गाल सुजलेल्या एका माणसाशेजारी बसून त्र्याहत्तरावं पान वाचलं. तीनदा वाचलं. त्या माणसाने विचारलं, "फार दुखतंय का तुमचं?"

सविस्तर नंतर लिहिते. आज जमणार नाही.

ताई

१३ जुलै

धाकटे,

आता नीट लिहिते. तू मध्येच थांबू नकोस.

यंत्र दोन गोष्टींची तुलना करतं तेव्हा स्वतःपुरती एक खूण ठेवतं: जुळलं किंवा नाही. पुढची सूचना ती खूण बघून निर्णय घेते. आमच्या प्रोग्रॅममध्ये होतं ते असं: दार बंद आहे का ते तपासा, आणि खूण 'हो' असेल तर मोटर सुरू करा. दोन सूचना, एकापाठोपाठ एक. त्याच वेळी यंत्राला सेकंदात शंभर वेळा घड्याळाचा ठोका येतो. ठोका आला की हातातलं काम अर्धवट टाकून ते वेळ मोजतं आणि परत येऊन काम पुढे चालू करतं.

मी आधी ज्या चिपवर शिकले ती ठोक्याला जाताना खूण स्वतः बाजूला ठेवायची आणि परत आल्यावर जागेवर लावायची. लिफ्टमधली चिप तसं करत नाही. खूण जपायची तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ते लिहावं लागतं, दोन ओळी. हे त्र्याहत्तराव्या पानावर स्पष्ट छापलेलं आहे. मी त्या दोन ओळी लिहिल्या नव्हत्या. मला वाटत होतं, चिप करते.

म्हणून तपासणं आणि मोटर सुरू करणं यांच्या मधल्या क्षणी ठोका आला, तर परत आल्यावर खूण वेळ मोजण्याच्या कामाची असते, दाराची नसते. दार उघडं असतं आणि यंत्राला ते बंद वाटतं. हा क्षण इतका छोटा आहे की वर्षानुवर्षं चुकून जातो. त्या दुपारी चुकला नाही.

मग माझ्या एम्युलेटरवर एक लाख फेऱ्या सुरळीत कशा गेल्या? तू विचारणार नाहीस, तरी सांगते. या पद्धतीत जुनी अवस्था कुठे जात नाही, हाताशी असते. ठोका आला, काम केलं, आणि आधीची खूण मी जशीच्या तशी परत लावली. एका ओळीत झालं, आणि मला ती ओळ सुबक वाटली. प्रोग्रॅम लिहिताना माझ्या डोक्यात जी चूक होती तीच चूक वापरून मी यंत्र बनवलं, आणि त्याला विचारलं, मी बरोबर होते का. ते हो म्हणालं. तुझ्या कार्डावर हेच लिहिलेलं होतं. तुला चिपमधलं ओ की ठो कळत नाही, आणि तुझं वाक्य बरोबर होतं.

ती ओळ काल दुरुस्त केली. मिस्त्रींच्या वहीचं पान पुन्हा चालवलं आणि ठोका त्या मधल्या क्षणी आणला. मग एकेक पायरी पुढे नेली. खूण: दार उघडं. ठोका. खूण: दार बंद. मोटर सुरू. मागे घेतलं, पुन्हा पुढे नेलं. अकरा वेळा. अकराही वेळा केबिन वर गेली.

तार खिशात होती.

ताई

१७ जुलै

धाकटे,

तुझ्याकडून काही आलं नाही. अपेक्षाही नाही. पण अजून एक सांगायचं राहिलं आहे. मागच्या पत्रातून मी ते गाळलं होतं.

काल माळ्यावरून प्रोग्रॅमच्या दुसऱ्या आवृत्तीचे कागद काढले. अपघातानंतर चार महिन्यांनी मी ती लिहिली. त्या दोन ओळी तिच्यात आहेत. शेजारी माझ्या अक्षरात शेरा आहे, 'खबरदारी म्हणून'.

म्हणजे चार महिन्यांनी मला कळलं होतं का? हा प्रश्न मी आज दिवसभर टाळला, आणि आता टाळत नाही. ती दुपार मला आठवते. ओळी लिहून झाल्यावर हात थांबला. या पहिल्या आवृत्तीत का नव्हत्या, असं मनात आलं. पूर्ण वाक्यही झालं नाही. मी उठले, चहा घेतला, आणि परत आल्यावर पान उलटलं. अहवालावर सही झालेली होती. विभागप्रमुख म्हणून माझं नाव वर गेलं होतं. मला कळलं होतं असं म्हणता येणार नाही. मी कळू दिलं नाही. यात फरक आहे असं मला एकोणीस वर्षं वाटत आलं, आणि ते लिहून काढल्यावर आज वाटेनासं झालं.

दाराचा स्विच सरळ मोटरला न जोडता प्रोग्रॅमकडून तपासायचा, ही कल्पनाही माझीच. वायरिंग वाचतं म्हणून तिचं कौतुक झालं होतं. मिस्त्री तेव्हा म्हणाले होते, "ताई, दाराला माणसाचा भरवसा नको आणि कागदाचाही नको. दार उघडं असलं की वीज तुटली पाहिजे, बास." मी म्हटलं, "मिस्त्री, तुम्ही पाना सांभाळा." खोलीभर हशा पिकला. तेही हसले होते.

आता तातडीचं. दुसरी आवृत्ती आम्ही सुधारणा म्हणून दिली, दुरुस्ती म्हणून नाही. त्यामुळे ज्यांनी नवी चिप मागितली नाही त्यांच्याकडे जुनीच राहिली. माझ्या यादीप्रमाणे अशा तीन लिफ्ट होत्या. दोन इमारती पडल्या. तिसरीचा पत्ता माझ्या कागदांत नाही, आणि कारखाना बंद होऊन सात वर्षं झाली. ती लिफ्ट चालू असेल तर उघड्या दाराने कधीही हलेल. उद्या, किंवा आणखी वीस वर्षांनी.

कोणती चिप कुठे बसली ते मिस्त्रींच्या वहीत असणार. त्यांना विचार. माझ्यासाठी विचारू नकोस. त्या उंबऱ्यात उभ्या राहणाऱ्या कोणासाठी तरी विचार.

सोबत उत्तरासाठी तिकिटं लावलेलं पाकीट ठेवते आहे. शक्य तितक्या लवकर.

ताई

२३ जुलै

धाकटे,

कार्ड काल सकाळी मिळालं. 'बाइंडिंगवाल्यांकडची. हे म्हणाले, जा आणि पेटी उघडून बघ.' खाली पत्ता. बाकी काही नाही.

त्याआधीचं सांगते. एकवीस तारखेला मी लिफ्ट इन्स्पेक्टरच्या कचेरीत गेले आणि लेखी जबाब दिला. प्रोग्रॅमची चूक, माझं जुनं मत चुकीचं, दुसऱ्या आवृत्तीतल्या दोन ओळी, शेरा, तारीख, सगळं. दोन्ही एम्युलेटरच्या पायऱ्यांचे कागद जोडले. साक्षीदार म्हणून दंतवैद्यबाईंची सही आहे. तुला आधी दाखवायचा विचार होता. पण तू नको म्हणाली असतीस तर मला सुटका मिळाली असती, म्हणून आधी देऊन आले. पोच सोबत आहे. तिथल्या कारकुनाने विचारलं, "बाई, इतक्या वर्षांनी कशाला उकरताय?" मी म्हटलं, "शिक्का मारा."

काल इन्स्पेक्टरच्या माणसाला घेऊन बाइंडिंगवाल्यांकडे गेले. चार मजली इमारत, जिन्यापर्यंत सरसाचा वास. बायका छातीपर्यंत छापील फर्म्यांच्या थप्प्या घेऊन लिफ्टमध्ये पाठमोऱ्या शिरतात, कारण हात मोकळे नसतात. दार पायाने ढकलतात.

"थांबा, बाहेर या," मी ओरडले.

"का हो? कधी बिघडत नाही ही," तिथली मुकादमीण म्हणाली. "आमच्या मिस्त्रींच्या हातची आहे."

"कोणते मिस्त्री?"

"काठीवाले. कटिंग मशीनला धार लावायला येतात ना ते. वर्षातून दोनदा लिफ्टची पेटी उघडून बघतात. पैसे विचारले तर म्हणतात, धारेत आले."

वरच्या मजल्यावर पेटी होती. इन्स्पेक्टरच्या माणसाने झाकण काढलं. चिप पहिल्या आवृत्तीचीच, माझ्या अक्षरातली चिठ्ठी अजून तिच्यावर. आणि पेटीच्या कोपऱ्यात एक रिले, म्हणजे विजेनेच उघडझाप होणारा स्विच, जो आमच्या कोणत्याही ड्रॉइंगवर नाही. त्याच्यापासून निघालेल्या दोन वायरी मेणाच्या दोऱ्याने अंगठ्याअंगठ्याच्या अंतरावर बांधलेल्या. अशा वायरी बांधणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. वायरींचा माग काढत खाली गेले. प्रत्येक मजल्याच्या दाराला दुसरा स्विच बसवलेला होता. दार उघडं असलं की मोटरची वीज तुटते. मग प्रोग्रॅमला काय वाटायचं ते वाटो.

लायसन्स नसलेल्या माणसाने, माझ्या सहीने लायसन्स गेलेल्या माणसाने, हे केलं. मी मुकादमिणीला विचारलं, केव्हापासून? ती म्हणाली, तिच्या मुलीच्या जन्माच्या वर्षापासून. मुलगी अठरा वर्षांची आहे. पडलेल्या त्या दोन इमारतींतही त्यांनी असंच केलं असणार. तू विचारून बघ. मला ते सांगणार नाहीत.

इन्स्पेक्टरच्या माणसाने लिफ्ट बंद करून सील लावलं. चिप बदलेपर्यंत ती तशीच राहील. जबाबावर चौकशी पुन्हा उघडणार आहे. मिस्त्रींना बोलावणं येईल, त्यांनी तार सोबत न्यावी. त्यांनी ती ठेवली असणार याबद्दल मला शंका नाही. रविवारी अकराला मी तुमच्याकडे येते आहे, त्यांच्यासमोर हे सगळं तोंडाने बोलायला. दार उघडायचं की नाही ते तुम्ही दोघांनी ठरवा. मी जिन्यात तासभर थांबेन, आणि या वेळी मध्ये शेजारीण बसवू नकोस.

एक राहिलं. झाकण लावताना इन्स्पेक्टरचा माणूस म्हणाला, हा रिले मंजूर आराखड्यात नाही, नियमाप्रमाणे काढावा लागेल, आणि त्याने पक्कड हातात घेतली. तेव्हा रिलेच्या खाली चिकटवलेला कागदाचा तुकडा दिसला. वहीच्या पानाचा आहे. पेन्सिलने लिहिलंय, 'प्रोग्रॅम बरोबर असेलही. तरी हे काढू नये.'

मी त्याच्या हातातली पक्कड काढून घेतली. ती माझ्या पर्समध्ये आहे.

ताई